मोरी कोणी घासायची आणि कशाने?

एप्रिल महिना जवळ आला की विश्रांतवाडी, फुलेनगर, नागपूर चाळ, कळस, धानोरी या भागातील आपल्या घरांमध्ये साफसफाईची एकच धांदल उडते. इतरांची घरे दिवाळीला निघतात, आपली घरे भीमजयंतीला निघतात. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची भांडी खाली येतात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेची काच लखलखीत होते. हे सगळे घरातील लहानथोर मिळून आनंदाने करतात. मात्र एका जागेपाशी येऊन हा उत्साह थबकतो. ती जागा म्हणजे मोरी, बाथरूम आणि संडास. तिथे 'कोणीतरी' लागते. ते कोणीतरी कोण, आणि त्याच्या हाती आपण कोणती बाटली देतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

काही वाचकांना वाटेल, वकील माणूस आरक्षण, अॅट्रॉसिटी, जातपडताळणी सोडून मोरी घासायला कुठे बसला? पण ज्या देशात कोणाचे हात कशाला लागतात यावरून माणसाची किंमत ठरवली गेली, त्या देशात मोरी हा किरकोळ विषय नाही. शिवाय मोरीतून निघालेली भांडणे आमच्याकडे वकीलपत्रासह येतात, तीही काही कमी नाहीत.

प्रथम त्या बाटलीकडे पाहू. आळंदी रस्त्यावरून गल्लीबोळात शिरणारा सायकलवाला 'फिनेल, अॅसिड' अशी आरोळी देत फिरतो. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या वापरलेल्या बाटलीत पिवळसर पाणी भरलेले असते. त्यावर ना नाव, ना तीव्रता, ना उत्पादकाचा पत्ता. ते असते कच्चे हायड्रोक्लोरिक अॅसिड. स्वस्त मिळते, ओतल्याबरोबर फेस येतो, डाग जातो आणि गृहिणी खूश होते. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिला. त्यानुसार अॅसिड विकणाऱ्याने नोंदवही ठेवली पाहिजे, घेणाऱ्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहिले पाहिजे, कशासाठी हवे ते लिहून घेतले पाहिजे आणि १८ वर्षांखालील कोणालाही ते विकता कामा नये. नियम मोडणाऱ्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो आदेश एका मुलीच्या जळालेल्या चेहऱ्यातून जन्माला आला आहे. आमच्या गल्लीत मात्र शाळकरी पोराला दहाची नोट देऊन 'जा रे, अॅसिडची बाटली आण' असे आजही सांगितले जाते. ती बाटली मग पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली जाते. घरातील तहानलेले लेकरू त्यातली कोणती उचलील, याचा भरवसा कोणी द्यायचा?

आता मुळात अॅसिडची गरज का वाटते ते पाहू. आपल्या या भागाने वर्षानुवर्षे बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढले आहेत. भामा आसखेडचे पाणी जानेवारी २०२१ मध्ये आले, तरी अनेक सोसायट्यांना बोअरची आणि टँकरची जोड द्यावीच लागते. बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी सुकते आणि क्षार मागे राहतात. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या तळाला, फरशीवर जो पांढरा खडबडीत थर बसतो, तो हाच. त्यात साबणाची भर पडते. जड पाण्यातील क्षार आणि साबण एकत्र आले की एक चिकट, राखाडी साका तयार होतो. तो भिंतीला चिकटतो आणि त्यावर धूळ, केस, बुरशी असे सगळे वस्तीला येतात. म्हणजे बाथरूममधला मळ एकाच जातीचा नसतो. क्षाराचा थर वेगळा, साबणाचा साका वेगळा, काळी बुरशी वेगळी. प्रत्येकावर इलाज वेगळा. आपण मात्र सगळ्यांवर एकच अॅसिड ओततो.

अॅसिड क्षार विरघळवते हे खरे. पण ते फक्त क्षारच विरघळवते असे नाही. जुन्या चाळीतल्या मोरीत शहाबादी फरशी असते. शहाबादी किंवा कोटा हा मुळात चुनखडीचा दगड. त्यावर अॅसिड पडले की जो फेस येतो, तो मळ निघाल्याचा नसून दगड झिजल्याचा असतो. फरशी दरवेळी थोडी खडबडीत होते आणि खडबडीत फरशीत मळ अधिक घट्ट बसतो. मग आणखी अॅसिड! फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सना तितके काही होत नाही, पण दोन टाइल्समधील सांध्यात सिमेंट असते, ते अॅसिड खाते. वर्ष-दोन वर्षे दर रविवारी अॅसिड ओतले की सांधे पोकळ होतात, पाणी खाली उतरू लागते आणि एके दिवशी खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला ओल दिसते.

इथून पुढचे आम्हाला चांगले ठाऊक आहे. खालचा म्हणतो, वरच्याची मोरी गळते. वरचा म्हणतो, पाइप सोसायटीचा आहे. सोसायटी म्हणते, तुमचे तुम्ही पाहा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याचे उत्तर आहे. बाहेरील सामाईक जलवाहिनी किंवा सांडपाण्याची वाहिनी गळत असेल तर खर्च संस्थेचा. संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकांनी परस्पर संमतीने करायचा. ही परस्पर संमती होता होता पाच-पाच वर्षे जातात. एकाच विहारात शेजारी बसून वंदना घेणारी दोन कुटुंबे छताच्या ओलीवरून एकमेकांशी बोलेनाशी झालेली आम्ही पाहिली आहेत. प्लंबरने फरशी उखडली की खाली सापडतात भुसभुशीत झालेले सांधे. स्वस्तातल्या बाटलीने नवे वॉटरप्रूफिंग करायची पाळी आणलेली असते.

मग स्वच्छ करायचे कसे? ज्यांच्या हातात हे काम वर्षानुवर्षे आहे अशा कष्टकरी भगिनींकडून आणि प्लंबिंगची कामे करणाऱ्या आपल्याच तरुणांकडून जे ऐकले आणि आमच्या घरात करून पाहिले, ते सांगतो.

वरून खाली आणि कोरड्याकडून ओल्याकडे, हा पहिला नियम. आधी गिझर आणि एक्झॉस्ट पंख्याचे बटण बंद करावे. बादल्या, मग, साबणदाण्या, पाट सगळे बाहेर काढावे. छताचे जाळे, खिडकीच्या काचपट्ट्यांवरची आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ कोरड्या फडक्याने व झाडूने काढावी. याच धुळीवर पाणी मारले की तिचा चिखल होऊन तो भिंतीवर पसरतो आणि काम दुप्पट होते. केस आणि कचरा कोरडाच उचलावा.

नंतर साबणाचा साका. त्यासाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवावा आणि तो भिंतीवर, दारामागे, बादल्यांना लावून १५-२० मिनिटे तसाच राहू द्यावा. स्वच्छतेत सर्वांत मोठे काम हात करीत नाहीत, वेळ करते. आपण ओततो आणि लगेच घासायला लागतो, म्हणून मनगट दुखते आणि डाग तसाच राहतो. दरम्यान चहा प्यावा. मग घासणीने घासून भरपूर पाण्याने धुवावे. अॅल्युमिनियमच्या वस्तूंना मात्र सोडा लावू नये, त्या काळ्या पडतात.

क्षाराच्या पांढऱ्या थरासाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व पुरेसे आहे. अर्ध्या लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालावेत. हेही आम्लच, पण सौम्य. ते हात जाळत नाही, श्वास कोंडत नाही. नळाच्या तोंडाला या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून अर्धा तास ठेवावे. शॉवरची जाळी बुजली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून ती पिशवी शॉवरला रबराने बांधावी आणि दोन-तीन तासांनी सोडावी, भोके मोकळी होतात. टाइल्सवर लावल्यावर १० मिनिटांत जुन्या दातांच्या ब्रशने घासून धुऊन टाकावे. सिमेंटच्या सांध्यांवर फार वेळ ठेवू नये. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर तर लिंबूसत्वसुद्धा नको, कारण दगड तोच आणि रसायनाचा स्वभावही तोच. तिथे सोडा, धुण्याची पावडर आणि काथ्या. वेळ लागतो, पण फरशी टिकते.

बाथरूमला येणारा वास बहुतेक वेळा फरशीचा नसतोच. तो येतो कोपऱ्यातल्या जाळीखालून. प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्या वाकड्या भांड्यात कायम थोडे पाणी साठून राहते आणि ते पाणी गटारातील वायूला वर येऊ देत नाही. जाळी उचलून हातमोजा घालून आतले केस आणि गाळ काढावा व शेवटी दोन तांबे स्वच्छ पाणी ओतावे. घर महिनाभर बंद राहिले की ट्रॅपमधले पाणी सुकते आणि घरभर दुर्गंधी सुटते. त्यावर उपाय फिनेल नाही, तांब्याभर पाणी आहे. किती सोपी गोष्ट! पण जाळी उचलायला कोणी तयार नसते, म्हणून महिन्याला दोन बाटल्या फिनेल जाते.

संडासाचे भांडे भारतीय असो की कमोड, आधी पाणी सोडावे, मग बाजारातले टॉयलेट क्लीनर कडेच्या आतून गोल सोडावे. त्यातही हायड्रोक्लोरिक अॅसिडच असते, पण ठरावीक प्रमाणात सौम्य केलेले आणि दाट केलेले, म्हणजे उडणार नाही असे. बाटलीवर तीव्रता लिहिलेली असते, झाकण मुलांना सहज उघडत नाही. अर्धा तास ठेवून लांब दांड्याच्या ब्रशने कडेच्या खालून घासावे, कारण खरा थर तिथेच लपलेला असतो. पाय ठेवायच्या जागा, फ्लशचे बटण, नळाची चावी आणि दाराची कडी यांना साबणाचे फडके लावावे. रोज सगळ्यांचा हात लागतो तो याच जागांना.

राहिली काळी बुरशी. तिच्यासाठी ब्लिचिंग पावडर. लिटरभर गार पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, १० मिनिटे, मग धुणे. पण हे काम त्या दिवशी करायचे नाही. दुसऱ्या दिवशी करायचे, आणि ते का, हे प्रत्येक घरात मोठ्या अक्षरात लिहून लावावे असे आम्हास वाटते.

ब्लिचिंग पावडर किंवा बाजारातले ब्लीच यांत अॅसिड मिसळले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्र येथे सैनिकांना मारण्यासाठी सोडला तो हाच वायू. चार बाय पाचच्या बाथरूममध्ये, झरोका बंद, दार लोटलेले, वाकून घासणारी बाई आणि 'दोन्ही मिसळले की जास्त स्वच्छ होते' हा शेजारणीचा सल्ला! घसा जळतो, डोळ्यांतून पाणी येते, खोकला थांबत नाही. दमा असलेल्याला तर श्वासच मिळत नाही. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी विषारी वायू होतो, आणि न धुतलेल्या मुताऱ्यांत अमोनिया असतोच. म्हणून एका दिवशी एकच रसायन, आधीचे पूर्ण धुऊन. दार उघडे, खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर साधा चष्मा का होईना. वास चढलाच तर सगळे तिथेच टाकून आधी मोकळ्या हवेत यावे आणि श्वास लागत असेल तर ससूनला किंवा जवळच्या दवाखान्यात जावे. अंगावर अॅसिड उडाले तर वाहत्या नळाखाली किमान १५-२० मिनिटे ती जागा धरावी. हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये.

हे सगळे ज्ञान काही गुपित नाही. मग ते आपल्या घरात का पोहोचत नाही? कारण उघड आहे. ज्याच्या हाताने घासले जाते त्याला बाटलीवरचे वाचायची फुरसत नाही, आणि ज्याला वाचता येते त्याचा हात तिथे लागत नाही.

विश्रांतवाडी-धानोरीच्या टेकडीकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इमारतींचे जंगल उभे राहिले. त्या इमारतींत धुणीभांडी, फरशी, बाथरूम करायला सकाळी सात वाजता ज्या भगिनी चढतात, त्या बहुतांशी आपल्या वस्त्यांमधल्या. त्यांच्यातही उतरंड आहे. स्वयंपाकवाली वेगळी, भांडीवाली वेगळी आणि संडासवाली वेगळी. संडास धुणारीला स्वयंपाकघरात मज्जाव. मनूने लिहून ठेवले नव्हते तेही फ्लॅटमालकांनी ठरवून टाकले आहे! आणि यातला सर्वांत संतापजनक भाग असा, की जो संडास ती घासते तो वापरायची तिला परवानगी नसते. सात ते दोन, पाच घरे, आणि मध्ये लघवीला जायला जागा नाही. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचे दुखणे घेऊन फिरतात आणि 'अंगावरच काढते, साहेब' म्हणतात.

हे फक्त 'त्यांच्या' घरांत होते असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. शिकून, नोकरीला लागून, फ्लॅट घेऊन स्थिरावलेल्या आपल्या समाजबांधवांच्या घरातही हे दृश्य दिसू लागले आहे. दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचे तैलचित्र, कपाटात त्यांचे खंड, आणि मागच्या दाराने येणाऱ्या बाईच्या हातात सायकलवाल्याची अॅसिडची बाटली. मोजे नाहीत. 'पूर्वी आमची आजीही हेच करायची' असे वर सांगणारे महाभागही आम्हाला भेटले आहेत. अरे, आजी करायची म्हणूनच तर बाबासाहेबांनी हा सगळा लढा दिला ना?

पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप केला होता. पगारी रजा आणि पगारवाढ मागण्यासाठी त्या उत्स्फूर्तपणे रस्त्यावर उतरल्या आणि त्यातून या शहरात त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायद्याचा विचार करायला सांगितले. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदाही घरकामगारांना लागू आहे. पण बाथरूमच्या चार भिंतींत तिच्या हातावर काय ओतले जाते, हे पाहायला कोणताही निरीक्षक येत नाही. ते घरमालकालाच पाहावे लागेल.

कायदा नेहमीच कष्टकऱ्याच्या बाजूने होता असेही नाही. संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात अशी तरतूद होती की, एखाद्या घराचा संडास साफ करण्याचा 'वहिवाटीचा हक्क' असलेल्या मेहतराने ते काम नीट केले नाही, तर दंडाधिकारी त्याला दहा रुपयांपर्यंत दंड करू शकत असे. हक्क म्हणायचे आणि न बजावल्यास दंड ठोकायचा! गुलामीला हक्काचे नाव देण्याची ही कला या देशाला फार जुन्या काळापासून अवगत आहे.

विश्रांतवाडीहून चालत जाण्याच्या अंतरावर येरवड्याचा तुरुंग आहे. पुणे करार म्हटले की आपल्याला १९३२ चा सप्टेंबर आठवतो. त्याच वर्षीचा डिसेंबर मात्र फारसा कोणी आठवत नाही. कोकणातील आप्पासाहेब पटवर्धन तेव्हा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाने तुरुंगातले भंगीकाम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. तुरुंगाने नकार दिला, कारण हे काम कोणत्या जातीच्या कैद्याने करायचे ते नियमांत ठरलेले होते. आप्पांनी त्यासाठी अन्न सोडले आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. आप्पांच्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण पाहा, ब्राह्मणाला मागूनही ते काम मिळत नव्हते आणि आपल्या माणसाला नाकारूनही ते सुटत नव्हते. सफाईला पवित्र सेवा म्हणून गौरवल्याने झाडू कोणाच्या हातातून सुटत नाही, हे बाबासाहेबांनी गांधीजींच्या संदर्भात स्पष्टपणे मांडले आहे. ते नुसते मांडून थांबले नाहीत, मुंबईत त्यांनी म्युनिसिपल कामगारांचा संघ बांधला.

आणि तुरुंगातले ते नियम? सुकन्या शांता या महिला पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला आणि जातीवर कामाची वाटणी करणाऱ्या तुरुंग नियमावल्यांमधील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढायला सांगितले. १९३२ ते २०२४, म्हणजे ९२ वर्षे! तुरुंगाच्या नियमातून जात काढायला इतका काळ लागला. आपल्या फ्लॅटचे नियम तर कुठे लिहिलेलेच नाहीत, त्यांना आव्हान द्यायचे कुठल्या कोर्टात?

इथे विनयपिटकातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चुल्लवग्गात भिक्खूंनी स्नानगृह आणि शौचकूप कसे वापरायचे याचे सविस्तर नियम आहेत. त्यांचे निमित्त असे घडले की, ब्राह्मण कुळातून आलेल्या एका भिक्खूला शौचानंतर स्वतःला धुवायचीही किळस वाटत होती. ही घाण कोणी हाताळायची, असा त्याचा विचार! परिणामी त्याला किडे पडले. मग तथागतांनी नियम घालून दिले. शौचकूप मळलेला दिसला तर धुवावा. पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरून ठेवावे. उष्ण स्नानगृहातून जो शेवटी बाहेर पडेल त्याने ते चिखलाने भरले असल्यास धुऊन निघावे. 'अमक्या जातीच्या भिक्खूने धुवावे' असे कुठेही नाही. ज्येष्ठ भिक्खू आधी जातात आणि नवे भिक्खू कळ सोसत ताटकळतात हे कळल्यावर, शौचाला ज्येष्ठतेने नव्हे तर आल्याच्या क्रमाने जावे असेही तथागतांनी ठरवून दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी संडासाच्या रांगेतली उतरंड मोडणारा हा धम्म आपण स्वीकारला, आणि आपल्याच घरात बाईला संडास वापरू द्यायचा की नाही यावर विचार करीत बसतो?

तेव्हा ज्यांच्या घरी कामाला भगिनी येतात त्यांनी एवढे तरी करावे. कच्चे अॅसिड घरात आणू नये. मोजे आणि लांब दांड्याचा ब्रश आपल्या खर्चाने द्यावा. खिडकी आपण उघडावी. संडास तिने वापरावा हे तिला स्वतःहून सांगावे, ती विचारणार नाही. आणि महिन्यातून एकदा होणारी ही मोठी साफसफाई तिच्यावर न टाकता घरातल्यांनी करावी, ज्यात मुलगेही आले. आपल्या घरात मुलीला मोरी घासायला लावतात आणि मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो म्हणून त्याला सूट असते. आयएएस झाल्यावर त्याला जिल्ह्याच्या स्वच्छतेचा आढावा घ्यायचा असतो म्हणे!

शेवटी, सोसायटीच्या कार्यकारिणीवर असलेल्या आपल्या बांधवांसाठी एक गोष्ट. घरातला ब्रश संपतो तिथे तुमची टाकी सुरू होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीत, म्हणजे इथून लोहगावपलीकडे, एका गृहसंकुलाच्या मैल्याच्या टाकीत उतरलेले तीन मजूर गुदमरून मेले. वाहिनी तुंबते, कोणीतरी दोन माणसे आणतो, हजार-दोन हजारात सौदा होतो आणि झाकण उघडले जाते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी अंमलात आला. त्याच्या कलम ७ नुसार कोणत्याही व्यक्तीने किंवा संस्थेने गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'व्यक्ती' म्हटले की त्यात चेअरमन आणि सेक्रेटरी आले. कंत्राटदाराला काम दिले होते, तो जाणे आणि त्याचे मजूर जाणोत, हा बचाव टिकत नाही. मृताच्या वारसांना भरपाई किती, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये म्हटले होते. २० ऑक्टोबर २०२३ च्या बलराम सिंह प्रकरणातील निकालाने ती रक्कम ३० लाख केली.

म्हणून टाकी तुंबली की माणूस शोधू नका, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे यंत्राच्या गाडीसाठी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. कंत्राटदार नेमायचाच असेल तर कोणीही टाकीत उतरणार नाही, काम केवळ यंत्राने होईल, असे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि काम चालू असताना कार्यकारिणीचा एक जण तिथे उभा राहून ते खरेच तसे होते की नाही हे पाहू द्या. अर्जाचा आणि करारपत्राचा नमुना आम्ही तयार केला आहे. विश्रांतवाडीतील ज्या सोसायट्यांना तो हवा असेल, त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात येऊन घेऊन जावा.